हळदीतल्या चार ओळी

मनालीच्या तक्त्यातला एकच चौकोन रिकामा राहिला होता आणि तो तीन आठवडे काही केल्या भरत नव्हता.

तक्ता होता धवल्यांचा. आगऱ्यांच्या लग्नात ब्राह्मणाआधी मान असतो तो धवलारणीचा. ही बाई लग्न लावते, देवांना बोलावते, हळद, तेलवण, मुहूर्तमेढ, सगळ्याची गाणी म्हणते. त्या गाण्यांना धवले म्हणायचं. बदलापूर गावातल्या मोतीबाईंचे अकरा धवले मनालीने मोबाइलवर उतरवले होते, ऐकून ऐकून ओळ न् ओळ टाइप केली होती, आणि प्रत्येक कडव्यासमोर दोन गोष्टी लिहिल्या होत्या : बोलणारं कोण, आणि ते कोणाशी बोलतंय.

हे काम तिला कॉलेजने दिलं होतं. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, खाली जीन्स शिवणारे कारखाने आणि वर कॉलेजची एक भाड्याची जागा, तिथे तत्त्वज्ञान, साहित्य आणि संगणक असा तिन्हींचा मिळून एक नवा अभ्यासक्रम सुरू झाला होता. विद्यार्थी नऊ. मनाली त्यांतली एक. तिचे वडील हरिचंद्र आनंदनगरच्या एका कंपनीत बॉयलरवर होते. त्यांनी अभ्यासक्रमाचं नाव तीनदा वाचलं आणि म्हणाले, "तीन तीन गोष्टी एकदम? एक तरी धड येईल ना?" पण फॉर्मवर सही केली.

वैदेही मॅडम तत्त्वज्ञान शिकवायच्या. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं होतं, "गाणाऱ्या बाईने 'मी' म्हटलं, तर तो 'मी' कोण?" वर्गाने एका सुरात सांगितलं, "ती बाईच." मॅडम हसल्या. "मग मोतीबाईंनी नवरी होऊन 'मी सासरी चालले' म्हटलं, तर मोतीबाई कुठे निघाल्या?"

मनालीला तो प्रश्न फार आवडला होता. दुपारच्या वेळी खालच्या शिलाई मशिनांचा एकसुरी आवाज जमिनीतून वर यायचा, खिडकीतून निळ्या कापडाची बारीक धूळ आत तरंगत यायची, आणि हेडफोनमध्ये मोतीबाईंचा आवाज असायचा. अशा वेळी आपण जागे आहोत की नाही हेच तिला उमगत नसे. धवल्यात कोणीही बोलायचं. नवरी बोलायची, तिची आई बोलायची, उंबर बोलायचा, मुसळ बोलायचं, समुद्र मिठाला निरोप द्यायचा. मनाली लिहीत जायची : बोलणारी – नवरी. बोलणारं – मुसळ. बोलणारा – समुद्र. लिहिता लिहिता कधी डोळा लागायचा आणि स्वप्नातही कोणीतरी बोलत राहायचं.

आणि मग हळदीच्या धवल्यातल्या त्या चार ओळी आल्या.

*हलदी गो हलदी, तू पिवली कशानी,*
*उन्हाचे घरान निजलीस म्हनून गो.*
*माझे दारावरशी तू गेलीस चालत,*
*तुझा रंग माझे सपनान ठेव गो.*

हे कोण म्हणतंय? नवरी म्हणावी, तर नवरीच्या अंगाला तर हळद लागतेय, तिच्या दारावरून ती निघून कशी जाईल? आई म्हणावी, तर आईच्या स्वप्नाचं इथे काय काम? मनालीने चार वेळा काहीबाही लिहिलं आणि चारही वेळा खोडलं.

शेवटी ती मोतीबाईंकडे गेली. मोतीबाई बहात्तर वर्षांच्या, हरिचंद्रच्या नात्यातल्या, म्हणून मनाली त्यांना मोतीआय म्हणायची. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर होतं. त्या ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"मोतीआय, त्या हळदीच्या गाण्यात 'माझे दारावरशी' असं कोण म्हणतं गो?"

मोतीबाईंची बोटं सुपात थांबली. "हलदीला इचार."

"हळदीशीच तर बोलतंय ना कोणीतरी. कोण बोलतंय?"

"जुनी गानी हायेत, पोरी. देवानी दिलीत. देवाला का कोन इचारतं?" आणि मोतीबाई सूप उचलून आत गेल्या. चहाचं विचारलं नाही. असं आजवर कधी झालं नव्हतं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं ते संगणकातून. वर्गातल्या नऊही जणांनी जमवलेली गाणी, म्हणी, गोष्टी एका ठिकाणी टाकायच्या आणि एका प्रोग्रॅमने त्या एकमेकींशी ताडून बघायच्या, असं ठरलं होतं. जी ओळ दुसऱ्या कोणाच्याही तोंडी सापडेल ती हिरवी होणार, जी कुठेच नाही ती पांढरी. मोतीबाईंचे धवले बघता बघता हिरवे झाले, कारण अंबरनाथपासून पनवेलपर्यंतच्या धवलारणी थोड्याफार फरकाने तेच म्हणत होत्या. हळदीच्या गाण्यात मात्र मधोमध चार ओळी पांढऱ्या राहिल्या. मनाली म्हणाली, वाटलंच होतं. तेवढ्यात त्या चारही हिरव्या झाल्या.

"ए, ये तो मेरा है!" शेजारचा भावेश खुर्चीवरून उठलाच. त्याने डोंगरातल्या वाडीवरची भातलावणीची गाणी जमवली होती. "मनाली, बघ, पुतळीबाईचं. वांगणीच्या पलीकडची ठाकूरवाडी. लावणी करताना म्हणते ती."

लग्नाच्या मांडवातलं गाणं चिखलात कसं पोचलं? एकाही धवलारणीला जे ठाऊक नाही, ते डोंगरातल्या बाईला कसं ठाऊक? मॅडमनी चष्मा काढून पुसला. "कागदावर बसून नाही कळणार हे. जाऊन विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मनाली आणि भावेश निघाले. वांगणीहून पुढे टमटम, मग पायवाट. उन्हाळा ऐन भरात होता. मोहाची पानं कोवळी लाल झाली होती आणि ऊन इतकं पांढरं होतं, की समोरचा डोंगर कोणीतरी पुसून टाकल्यासारखा दिसत होता. मनालीला वाटलं, आपण चालतोय हेही कोणाच्या तरी गाण्यातलंच आहे.

पुतळी सत्तरीच्या आतबाहेरची, काटक, हसरी. करवंदांची पाटी भरत होती. मनालीने मोतीबाईंचं नाव सांगून मोबाइलवर त्यांचा धवला लावला. त्या चार ओळी आल्या तशी पुतळीने हात पदराला पुसले आणि मोबाइल कानाशी नेला. संपल्यावर म्हणाली, "ही तं राजीची."

"कोण राजी?"

"राजाबाय. बदलापूरच्या गावातली. हिची थोरली बहीण." पुतळीने मोबाइलकडे बोट दाखवलं, जणू मोतीबाई त्याच्या आतच बसल्या होत्या. "माझी आय त्यांचे शेतावर लावणीला जाय. मी लहान, आठ-नऊ वर्साची, रोपांच्या पेंढ्या पोचवाया. राजी आमचेसंगं लावी. तिचे अंगाव कोड होता, हातावर, मानंवर, पांढरा पांढरा. लगीन कोणी करीना. घरात लगीन असला का तिला मागचे दारी बसवीत, हळदीला हात लावू देत नसत. तवा तिनं ही गाणी केली. चिखलात उभी राहून म्हणं. मी तिचेकडून शिकली."

"मग राजाबाई कुठे असतात आता?"

"कवाच गेली. तापाची. एकोणीस-वीसची असंल." पुतळीने मूठभर करवंदं मनालीच्या हातात ठेवली. "तिचा नाव लिव्हशील ना गं तू? आजून कोणी लिव्हला नाय."

परतताना पायवाटेवर मनालीला ते उमगलं. तीन आठवडे ती चार ओळींकडे टक लावून बघत होती आणि त्यांतली मुलगी तिथेच, मागच्या दारी बसलेली होती. हळद दारावरून चालत गेली होती ती हिच्या.

संध्याकाळी ती थेट मोतीबाईंकडे गेली. या खेपेला तिने प्रश्न विचारला नाही. फक्त म्हणाली, "मोतीआय, मी पुतळीकडे जाऊन आले."

मोतीबाई दाराची चौकट धरून खाली बसल्या.

"जित्ती हाय ती?" त्यांनी विचारलं.

"आहे. तिने सगळं सांगितलं. राजाबाईंचं."

मग मोतीबाई बोलल्या, पण मनालीशी नाही. समोरच्या रस्त्याशी बोलावं तशा. धवले त्या आपल्या आत्याकडून शिकल्या होत्या. आत्याची सक्त ताकीद होती, की धवल्यात पदरचा शब्द घालायचा नाही. देवाचं गाणं आहे, एक अक्षर हललं तर लग्न हलतं. मोतीबाई तिशीच्या असताना आत्या गेली आणि पहिलं लग्न एकटीने लावायची वेळ आली. हळदीला बसल्या आणि निम्म्यात पुढची ओळ आठवेना. बायका बघतायत, नवरी पाटावर, हळद वाटीत. "आनि मंग तोंडान राजीचाच गानं आला गो. मी नाय आनला. आपलाच आला. जशी ती मागचे दारी बसली हाय नि तिनंच म्हटला." बायकांना वाटलं, हा जुनाच धवला, आपण कधी ऐकला नव्हता. म्हाताऱ्या रडल्या. पुढच्या लग्नात त्यांनी आपणहून मागितला. "मंग कसा सोडनार?"

चाळीस वर्षं. किती लग्नं, त्याचा मोतीबाईंना हिशेब नव्हता. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातली सून त्या चार ओळींवरून आत आली होती.

"मनाले, तू लिव्हू नको. लोकांना कलला का बिनलग्नाच्या, कोड असलेल्या पोरीचा गानं मी देवाचा म्हनून हलदीला म्हटला, तं काय म्हनतील? आमची लग्ना खोटी केलीस म्हनतील. नि राजीला पन बोलतील. आता ती कोनालाच माहीत नाय, पन सगल्यांचे हलदीत हाय. नाव घातलास तं बाहेर काढतील तिला."

वाडीवर एक बाई म्हणत होती, लिही; इथे एक म्हणत होती, लिहू नको. आणि दोघींचंही राजाबाईवर प्रेम होतं.

तिने मॅडमना सांगितलं. तिला वाटलं होतं, मॅडम एखाद्या मोठ्या तत्त्ववेत्त्याचं वचन सांगतील आणि गाठ सुटेल. मॅडम खिडकीत उभ्या राहून खाली रिक्षात भरल्या जाणाऱ्या जीन्सच्या गठ्ठ्यांकडे बघत राहिल्या. "मनाली, गाण्याला कर्ता असतो का, यावर मी चार तास बोलू शकते. पण मोतीबाई तुझ्या तक्त्यासाठी जगत नाहीत. त्या हो म्हणेपर्यंत रकाना रिकामा ठेव. गुण कमी पडले तर पडू देत."

मनालीने तसंच केलं. पण पुतळीला निरोप मात्र पाठवला, कारण मोतीबाईंनी 'जित्ती हाय ती?' असं ज्या आवाजात विचारलं होतं, तो तिच्या कानातून जात नव्हता.

पुतळी आठच दिवसांत आली, डोक्यावर करवंदांची पाटी घेऊन, बाजाराच्या निमित्ताने. मनाली तिला मोतीबाईंच्या ओट्यापर्यंत सोडायला गेली. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. साठ वर्षांपूर्वी एकीने पेंढ्या दिल्या होत्या, दुसरीने घेतल्या होत्या. त्यानंतर गाठ पडलीच नव्हती.

"तू लय म्हातारी झाली गं," पुतळी म्हणाली.

"नि तू का नवरी दिसतंस?" मोतीबाई म्हणाल्या, आणि दोघी हसायला लागल्या ते थांबेचनात.

चहा झाला, भाकरी झाली. दुपार ओट्यावरून सरकत अंगणात गेली. मग पुतळीने विषय काढला. "मोती, लोकांचा भेव तुला. राजीला भेव नव्हता. आमचेसंगं चिखलात उभी राही तवा हात उघडे ठेवी. तुमचे घरात तेवढे पदराखाली झाकी."

मोतीबाई रिकाम्या कपबशा गोळा करायला लागल्या.

"तू तिला हळदीत लपवली. बरा केलास. नाय तं ती माझेसंगं मेली असती. पण आता लपवून कोणाला राखतेस? तिला का स्वताला?"

मनालीला वाटलं, आता मोतीबाई उठून आत जातील. त्या उठल्या नाहीत. पुतळी निघाली तेव्हा मात्र तिला वेशीपर्यंत सोडायला गेल्या आणि एकट्याच परत आल्या. मनालीला एवढंच म्हणाल्या, "शुक्रवारी भाविकाची हलद हाय. ये. मोबाइल नको आनू."

भाविका म्हणजे शेजारच्या अनंताची मुलगी. अंबरनाथला एका दवाखान्यात नर्स होती. शुक्रवारी सकाळी अंगणात मांडव घातला होता, निळ्या-पिवळ्या कापडातून ऊन गाळून खाली येत होतं आणि सगळ्यांचे चेहरे पाण्यातून पाहिल्यासारखे दिसत होते. भाविका पाटावर बसली. मोतीबाईंनी गळा मोकळा केला आणि हळदीचा धवला सुरू झाला. देवांना बोलावणं झालं, गावांना झालं, नदीला झालं. मग त्या चार ओळी आल्या. मोतीबाईंनी त्या म्हटल्या आणि थांबल्या.

"बायांनो, आयका," त्या म्हणाल्या. "ही ओल देवाची नाय. माझे आत्याची नाय. माझी थोरली बहीन राजाबाय, तिची हाय. तिचे अंगाव कोड होता. तिला हलद लागली नाय. मी चालीस वर्सा तुमाला खोटा सांगितला."

एका पोराने स्पीकरच्या बटणाला लावलेला हात तसाच ठेवला. मग नवऱ्याकडची एक जाडजूड आत्या उठली. "म्हणजे आमच्या घरच्या हळदी काय झाल्या? असलं अपशकुनी?" ती चपला शोधायला लागली. तिच्यामागून आणखी दोघी उठल्या. अनंता त्यांना थांबवायला धावला.

भाविकाची आजी कोपऱ्यात खुर्चीवर होती. ती म्हणाली, "जाव दे त्यांना. मोते, माझे सुनेच्या हलदीला मी याच ओलीला रडले होते. का रडले ते मना तवा नाय कलला."

आणि भाविका पाटावरून म्हणाली, "मग मोतीआय, तिला पण लाव ना हळद. आज तरी."

मोतीबाईंनी वाटीत चार बोटं बुडवली. बोटं वर आली, पिवळीधमक, आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. लावायची कुठे? राजाबाईचा फोटो नव्हता, वस्तू नव्हती, मागच्या दारची तिची जागासुद्धा आता डांबराखाली होती. हळूहळू मोतीबाईंनी तो हात आपल्याच दुसऱ्या हातावर फिरवला, मनगटापासून कोपरापर्यंत, जिथे बहिणीला कोड होतं तिथे. मग पुढची ओळ धरली. त्यांचा आवाज इतका मोकळा लागलेला मनालीने कधी ऐकला नव्हता.

याची किंमत मोजावी लागलीच. मे महिन्यातली दोन लग्नं मोतीबाईंच्या हातून गेली. त्या घरांनी कल्याणहून दुसरी धवलारीण आणली. गावातही काही दिवस कुजबुज होती. पण उरलेल्यांनी बोलावलं, आणि त्या ठिकाणी बायका आपणहून म्हणायच्या, "राजाबायचा पन म्हना हां."

मोतीबाई हो म्हणाल्यावर मनालीने रिकाम्या चौकोनात राजाबाईचं नाव लिहिलं आणि तक्ता दिला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी भिंग लावल्यासारखं बघितलं आणि विचारलं, "लोकगीताला कर्ता? पुरावा काय?"

"दोन बायका, सर."

"दोन म्हाताऱ्यांच्या आठवणी म्हणजे पुरावा नव्हे."

"संगणकाने ओळी जुळवल्या, सर. पण त्या कोणाच्या आहेत, ते त्याला नाही सांगता आलं."

सरांनी साठातले पस्तीस दिले. वैदेही मॅडमनी मान डोलावली, त्यात दिलासा होता की आणखी काही, ते मनालीला कळलं नाही. तिला फारसं वाईटही वाटलं नाही.

त्याच रविवारी ती लॅपटॉप घेऊन मोतीबाईंकडे गेली. त्यांनी आजवर आपलाच आवाज कधी ऐकला नव्हता. मनालीने त्यांच्या कानांवर हेडफोन बसवला आणि आधी त्यांचा, मग पुतळीचा, अशा त्या चार ओळी लावल्या. मोतीबाईंनी डोळे मिटले. बोटं मांडीवर ताल धरून होती; मध्येच ताल चुकला, थांबला.

"दोघीनी पन चुकीचा म्हटलाय," त्या म्हणाल्या.

"शब्द?"

"शब्द नाय. चाल. मी मांडवात म्हनते म्हनून उचलून म्हनते. ती चिखलात म्हनते म्हनून झपझप. राजी अशी नाय म्हनायची. ती हलू म्हनायची. मागचे दारी बसून कोनाला आयकू जाव नये म्हनून."

"म्हणून दाखवशील?"

मोतीबाईंनी हेडफोन काढून बाजूला ठेवला. मनालीने विचारायच्या आधीच म्हणाल्या, "लाव तुझा मोबाइल." आणि त्या म्हणायला लागल्या. इतकं हळू, की मनालीला पुढे सरकून बसावं लागलं. त्याच चार ओळी, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वासाएवढी जागा. बहात्तर वर्षांच्या गळ्यातून एकोणीस वर्षांची मुलगी बोलत होती आणि ओट्यावरचं ऊन थबकून ऐकत होतं.

संपल्यावरही मोतीबाईंनी डोळे उघडले नाहीत. कपाळाला बारीक आठी पडली होती.

"तिचा आजून एक होता," त्या म्हणाल्या. "जात्यावरचा. चांदन्याला काय तरी इचारायची... चांदन्या रं चांदन्या, तुझा..." ओठ हलले, शब्द आला नाही. "थांब. येल. गरबड करू नको."

मनालीने मोबाइल तसाच चालू ठेवला आणि भिंतीला टेकून बसली.